वांग्याचे शेंडे सुकतायत, औषध मारू का?

सी-202, देशमुख वहिनी: गच्चीवरच्या वांग्यांचे शेंडे सुकलेत. पाणी कमी पडतंय? की औषध मारायचं?

बी-504, पाटील काका: पाणी कमी पडलं की अख्खं झाड मलूल होतं, पाणी घातलं की सावरतं. एखाददुसऱ्याच शेंड्याने मान टाकली असेल तर ती शेंडा व फळ पोखरणारी अळी. शेंडा उभा चिरा; आत बोगदा, विष्ठा आणि फिकट गुलाबी अळी दिसेल.

ए-101, कुलकर्णी ताई: शास्त्रीय नाव ल्युसिनोडेस ऑर्बोनॅलिस. तिचा पतंग पांढरा, पंखांवर तपकिरी डाग. मादी रात्री पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. 3 ते 5 दिवसांत अळी निघते आणि लगेच शेंड्यात नाहीतर फळात शिरते. पुढे दोनेक आठवडे आतच. औषध पोचणार कुठून?

पाटील काका: म्हणून आधी कात्री. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली कापा, अळी खाली सरकलेली असते. तुकडे कंपोस्टच्या ड्रममध्ये अजिबात नकोत, साबणाच्या पाण्यात बुडवा. आठवड्यातून दोनदा बघा. कुंडीतला पालापाचोळाही उचला, कोष त्यातच असतात.

देशमुख वहिनी: भोकं पडलेली वांगी काढली. बाकीची चांगली ना?

कुलकर्णी ताई: सांगता येत नाही. मोठं भोक म्हणजे अळी खाऊनपिऊन बाहेर पडली. शिरतानाचं छिद्र बारीक असतं, बहुधा देठाच्या टोपीखाली, सहसा दिसतच नाही. भरल्या वांग्याला चिरा देताना देठाकडून नीट बघा 😀

फवारायचंच तर 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला. संध्याकाळी, पानांच्या खालून, त्याच दिवशी संपवा. दर 8-10 दिवसांनी. नुकत्याच निघालेल्या अळीवरच चालतो, आत शिरलेलीवर नाही.

ए-303, शिंदे: कामगंध सापळा लावला तर?

पाटील काका: लावा, पण आतला ल्यूर (मादीच्या वासाची वडी, तिच्यामुळे नर सापळ्यात येतात) वांग्याच्याच अळीचा घ्या, बोंडअळीचा चालत नाही. शेंड्यांच्या जरा वर टांगा, महिन्याने ल्यूर बदला. त्यात फक्त नर येतात; बाहेरून मिलन करून आलेली मादी अंडी घालतेच. गच्चीवर त्याचा उपयोग पतंग सुरू झाले हे कळण्यापुरता. त्यापेक्षा बारीक जाळी बरी, फक्त सकाळी फुलांना टिचकी मारा, म्हणजे पराग झडतात.

शिंदे: आणि ते बीटी वांगं?

कुलकर्णी ताई: जनुक बदलून याच अळीसाठी केलेलं. आपल्याकडे 2010 पासून लागवडीला स्थगिती, बांगलादेशात 2014 पासून लावतात. वहिनी, शेजारच्या कुंडीतल्या बटाट्याचे शेंडेही बघा, ही अळी त्यावरही जाते.