दाह शमवल्यास मधुमेह थांबेल का?

प्रश्न – कृष्णाकाठ
वडिलांच्या तपासणीत साखरेबरोबर सीआरपीही (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) वाढलेले निघाले. पोटातील चरबीमुळे शरीरात मंद दाह चालू राहतो व तो मधुमेहाला हातभार लावतो, असे डॉक्टरांनी सांगितले. ताप नाही, जखम नाही, मग हा दाह कसला? आणि कारण दाहच असेल, तर दाहशामक गोळी का देत नाहीत? वडील तसे जाडही नाहीत.

प्रतिसाद – विदुला
चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांतील काही मरतात आणि त्यांचा निचरा करण्यासाठी मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी तेथे गोळा होतात. त्या टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि त्यांमुळे इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. लठ्ठ उंदरांत टीएनएफ निष्प्रभ केल्यावर इन्शुलिनचा परिणाम सुधारतो, हे १९९३ मध्ये दिसले. मधुमेही माणसांवरील छोट्या प्रयोगांत मात्र तसे घडले नाही.

प्रतिसाद – जुनी दप्तरे
गोळीची कल्पना जुनीच आहे. सॅलिसिलेटने (ॲस्पिरिनच्या कुळातील दाहशामक औषध) मधुमेहींच्या लघवीतील साखर घटते, असे जर्मन वैद्य एबश्टाइन यांनी १८७६ मध्येच लिहिले होते. त्याच कुळातील सॅलसॅलेटच्या २०१३ मधील चाचणीत ४८ आठवड्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप) सुमारे ०.३७ टक्क्यांनी उतरले, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढले आणि लघवीतून प्रथिनेही अधिक जाऊ लागली. इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे द्रव्य अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने, दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत, हृदयविकाराचे झटके कमी केले. नव्याने होणारा मधुमेह मात्र टळला नाही आणि जीवघेणे संसर्ग वाढले. दाह हा शरीराचा पहारेकरीही आहे, त्याला सरसकट रजा देता येत नाही. माझ्या मते सेमाग्लुटाइड या मधुमेह व लठ्ठपणावरील औषधाची वाट अधिक आशादायक आहे, कारण त्याने वजन, साखर आणि सीआरपी ही तिन्ही उतरतात. अर्थात सीआरपीतील घट निव्वळ वजन घटल्यामुळे किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

प्रतिसाद – विदुला
‘जाड नाहीत’ यावर विसंबू नका. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिनांच्या ९.१ टक्के! वडिलांची कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. सीआरपी साध्या सर्दी-खोकल्यानेही चढते, म्हणून डॉक्टरांना विचारून काही आठवड्यांनी ते पुन्हा तपासून घ्या.