ईपानेटमध्ये उंच टाकी कशी दाखवायची?

प्रश्न (चोपडा): ईपानेट या पाइपजाळ्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गावच्या नळयोजनेचं जाळं पहिल्यांदाच काढतोय. उंच टाकीला ‘रिझर्व्हॉयर’ दिलं. स्क्रीनवर शेवटच्या गल्लीतही दाब चांगला, प्रत्यक्षात तिथं हंडा भरायला अर्धा तास लागतो.

उत्तर १: भाऊ, रिझर्व्हॉयर म्हणजे हतनूर धरणासारखा साठा, उपशानं पातळी हलत नाही असं सॉफ्टवेअर धरतं. उंच टाकी म्हणजे ‘टँक’, तिची पातळी उतरते. मुख्य म्हणजे ‘जंक्शन’ची, म्हणजे पाइप जुळतात नि पाणी काढलं जातं त्या बिंदूची, मागणी तपासा. माणशी रोजचे ५५ लिटर २४ तासांत वाटलंत ना? पाणी दोनच तास सुटत असेल तर मागणी बारा पट धरा. मीही हेच चुकलो होतो, पाइप बारीक पडले.

प्रश्नकर्ता: बरोबर, २४ तासच धरले होते. आता बारा पट मागणी टाकली तर शेवटच्या जंक्शनला दाब उणे दाखवतोय, म्हणजे एवढं पाणी तिथं पोचतच नाही!

उत्तर २: प्रत्येक जंक्शनच्या जमिनीची उंचीही लेव्हल घेऊनच (यंत्रानं मोजूनच) टाका, अंदाजे नको.