केलोनातली घरं राहणाऱ्यांची की पाहुण्यांची?

तळ्याकाठची
कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १ मे २०२४ पासून नियम आला: पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी घर द्यायचं तर ते तुम्ही स्वतः राहता तेच हवं, फार तर त्याच आवारातलं एखादं जोडघर. दुसरा-तिसरा फ्लॅट घेऊन तो आठवड्याच्या भावाने लावणं बंद. आता तो सैल करा म्हणून ओरड चालली आहे. माझं मत सांगते: आमच्या केलोना शहरात हा नियम राहिलाच पाहिजे.

ओकानागन तळं १३५ किलोमीटर लांब, शहर त्याच्या साधारण मध्यावर, दोन्हीकडे डोंगर. सपाट जागा मुळात थोडी, त्यातली बरीचशी १९७३ च्या कायद्याने शेतीसाठी राखलेली (आणि ती तशीच राहावी). अशा गावात २०१६ ते २०२१ दरम्यान लोकसंख्या १४ टक्क्यांनी वाढली, कॅनडातल्या कुठल्याही महानगरापेक्षा जास्त वेगाने. २०२३ मध्ये भाड्याच्या घरांपैकी रिकामी होती १.३ टक्के.

भाडेकरूंचा तेव्हा ठरलेला फेरा असायचा. सप्टेंबर ते एप्रिल घर तुमचं. मे उजाडला की सामान बांधा, कारण उन्हाळ्यात तेच घर पाहुण्यांना द्यायचं. आम्हीही ते भोगलंय. मुलांची शाळा जूनअखेरपर्यंत चालते. ते दोन महिने बिऱ्हाड कुठे न्यायचं? इस्पितळात काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोघीजणी याच कारणाने गाव सोडून गेल्या.

व्हॅनकुव्हरवाला
ताई, त्रास कळला. पण पुण्याहून आई-बाबा आले की हॉटेल आम्हाला चालतच नाही. बाबांना मधुमेह, दोन वेळचं जेवण घरचंच लागतं. सहा माणसं, दोन खोल्या आणि एक मायक्रोवेव्ह, यात आठवडा कसा काढायचा? कोकिहालाचा घाट ओलांडून चारशे किलोमीटर गाडी चालवत आम्ही येतो. मायरा कॅन्यनचे रेल्वेचे जुने पूल आई-बाबांना दाखवतो. २००३ च्या वणव्यात १८ पैकी १२ जळाले होते, ते पुन्हा उभारले, हे ऐकून बाबा किती वेळ तिथे उभे होते! चेरी, पीच शेतावरूनच घेतो. आमचा पैसा गावातच राहतो. घरटंचाई आली ती राहायला येणारे वाढले आणि बांधकाम मागे पडलं म्हणून. ते सगळं पाहुण्यांच्या माथी का मारता?

दोन_फ्लॅट
मी मालक आहे, माझीही बाजू ऐका. डाउनटाउनच्या ज्या इमारतीत फ्लॅट घेतला, तिला पालिकेने अल्पमुदतीच्या भाड्याची परवानगी दिलेली होती. ती बघूनच चढी किंमत मोजली. आता वरून सरकार म्हणतं बंद. कायदा पाळून गुंतवणूक करणाऱ्याला ही शिक्षा? २०२४ मध्ये रिकामी घरं ३.८ टक्क्यांवर गेली, पण त्याच काळात नव्या इमारतीही उभ्या राहिल्या. सगळं श्रेय नियमाला देऊ नका.

तळ्याकाठची
@व्हॅनकुव्हरवाला, स्वयंपाकघराचा मुद्दा पटला. पण मालक स्वतः राहतो ते घर पाहुण्यांना द्यायला या नियमाने मनाई केलेलीच नाही. तसं शोधा. बंदी आहे ती कुणीच राहत नाही अशा घरांवर.

आणि ऑगस्ट २०२३ आठवा. वणवा तळ्याच्या पश्चिम काठावर होता, १७ तारखेच्या रात्री ठिणग्या पाण्यावरून उडून इकडे आल्या. दोन्ही काठांवर हजारो लोकांना घरं सोडावी लागली, तळ्यावर पूल एकच. दोन दिवसांत सरकारला हुकूम काढावा लागला की सहलीला येणाऱ्यांनी इथे हॉटेलात, कॅम्पग्राउंडवर उतरू नये, त्या जागा विस्थापितांना आणि आग विझवणाऱ्यांना लागणार आहेत. पाहुणे आपापल्या घरी गेले. आम्ही धुरातून परत आलो, शेजाऱ्यांना आसरा दिला, राख झाडली. गाव चालतं ते असं राहणाऱ्यांच्या जिवावर.

द्राक्षमळा
वायनरीत नोकरी करतो. वणव्यापाठोपाठ जानेवारी २०२४ ची थंडी आली. द्राक्षांचे वेल मेले, पीच-जर्दाळूचं त्या सालचं पीक जवळजवळ गेलंच. जुलैत फळबागायतदारांची १९३६ पासूनची सहकारी संस्था बंद झाली. कारखाना बंद पडला की तालुक्याचं काय होतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. अशा वेळी हातात उरले ते पाहुणे. ते कमी आले की पहिले माझे कामाचे तास कापले जातात, आणि तास नसले तर भाडं कुठून भरू? ताईंना घराची काळजी आहे, मला घरही हवं आणि पगारही. निदान जून ते ऑगस्ट नियम सैल करा.

ओकानागन_विद्यार्थी
-१, असहमत. जून ते ऑगस्ट सैल म्हणजे पुन्हा तोच सप्टेंबर-एप्रिलचा फेरा. आम्ही संशोधन करणारे उन्हाळ्यातही इथेच असतो. तुमच्या वायनरीत उन्हाळ्यापुरते कामाला येणारे कुठे झोपतात तेही विचारा. काहीजण गाडीत झोपतात.

द्राक्षमळा
माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एकाने जुलैत काम सोडलं ते त्याच कारणाने. त्याच्या जागी माणूस मिळाला नाही. तरीही सांगतो, पाहुणेच आले नाहीत तर ती जागा भरायची गरजच उरणार नाही.

दोन_फ्लॅट
मग परवानगी दिलेल्या इमारती तरी वगळा. तेवढं मान्य आहे का?

तळ्याकाठची
नाही. मात्र परवानगी देऊन काढून घेतली तर नुकसानभरपाई मिळाली पाहिजे, मालमत्ता करात सवलत मिळाली पाहिजे, हे मला मान्य आहे. तसं निवेदन पालिकेला द्या, मी सही करीन. फ्लॅट मात्र वर्षाच्या करारावर द्या. एक बेडरूम असला तरी चालेल, नव्याने नोकरीला लागलेल्या एखाद्या नर्सला तेवढा पुरतो.