अनुभव धागा: कोकण किनाऱ्यावर तंबूची जागा कशी पारखावी?

दिवाळी झाली की विचारणा सुरू होते, "तंबू घेतलाय, कोकणात कुठे लावू?" उत्तरादाखल किनाऱ्यांची नावं मिळतात. पण एकाच पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) दोनशे पावलांच्या आत उत्तम जागाही असते आणि फजितीची जागाही. म्हणून इथे प्रवासवर्णन नको. जागा कशावरून ओळखता, किती अंतर सोडता, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. हंगाम नोव्हेंबर ते मार्च धरू. रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठलंही चालेल.

दर्यावर्दी

आधी तिथी बघा, मग किनारा. जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. घड्याळात ही वेळ दोनदा येते, तशी भरतीही दोनदा. हा हिशेब मुंबई-रायगडला बसतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती अर्धा-पाऊण तास आधी होते.

आता पौर्णिमा घ्या. हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. म्हणजे चांदणं हवं म्हणून लोक जी रात्र निवडतात, नेमकं त्याच रात्री उधाणाचं पाणी सगळे गाढ झोपलेले असताना सर्वांत वर येतं. त्यात डिसेंबर-जानेवारीत दोन भरत्यांपैकी रात्रीची मोठी असते (पावसाळ्यात उलट, दुपारची मोठी). त्यामुळे दुपारी पाणी कुठवर आलं ते बघून खूण केली आणि तिच्या जरा मागे तंबू लावला, तर मध्यरात्री पाणी खुणेच्या पुढे जातं. उधाण पौर्णिमेलाच संपत नाही, पुढचे दोन दिवसही जोर असतो.

नवख्यांनी अष्टमी-नवमी धरावी. भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती, आणि तीही सकाळ-संध्याकाळी सहा-पावणेसातला, मध्यरात्री ओहोटी. चंद्र अर्धा मिळेल, झोप पूर्ण.

केळशीफाटा

दर्यावर्दींचा हिशेब बरोबर आहे, त्यात उताराची भर घालतो. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक रायगडात साडेतीन-चार मीटर, सिंधुदुर्गात साधारण त्याच्या निम्मा. हा झाला उभा फरक. तंबू भिजतो तो आडव्या पाण्याने. पुळणीचा उतार तिसाला एक असेल, तर पाणी अर्धा मीटर जास्त चढताच पंधरा मीटर आत येतं. अलिबाग-नागावसारख्या सपाट किनाऱ्यावर हे डोळ्यांना कळत नाही, कारण ओहोटीला समुद्र इतका लांब गेलेला असतो की सगळीच वाळू आपली वाटते. जास्त उताराच्या पुळणीवर पाणी फार आत येत नाही, पण तिथे लाट पायाशीच फुटते. झोपायला बरी, पोहायला वाईट.

खुणा वाळूवरच असतात. लाटांनी टाकलेल्या कचऱ्याच्या दोन-तीन समांतर रेघा दिसतील. ओली, शेवाळाची, खालची रेघ आजची. सर्वांत वरची, कोरडी, ज्यात काटक्या, नारळाची सोडणं आणि बाटल्या अडकल्यात, ती गेल्या उधाणाची. त्या वरच्या रेघेच्या मागे दहा-पंधरा मीटर जा. वाळूवर पसरणारी मर्यादवेल दिसली तर बरंच, पण तिची हिरवी कोवळी टोकं बघून फसू नका. एका हंगामात ती पुढे धावतात. जुनं, जाड, मुळं धरलेलं खोड कुठे आहे ते बघा आणि त्याच्या मागे राहा.

दोन ठिकाणी मुळीच नको. एक, जिथे वाळूला गुडघाभर उभा कडा पडलाय आणि सुरूच्या झाडांची मुळं उघडी दिसतात. तिथे समुद्र किनारा खातोय आणि कडा रात्रीत ढासळतो. दुसरं, खाडीच्या मुखावरचं वाळूचं टोक. फोटोला झकास, पण पाणी दोन्ही बाजूंनी येतं, आणि ओहोटीला खाडीची ओढ इतकी असते की गुडघाभर पाण्यातही पाय टिकत नाही.

सुरूबन

ऑक्टोबरअखेर निघणाऱ्यांसाठी: २०१९ साली क्यार वादळ किनाऱ्याला न लागता खोल समुद्रातून गेलं, तरी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या वस्तीत पाणी शिरलं. आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेल असं नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी 'इन्कॉइस' या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघायचा.

जुन्या फोटोंवर विसंबूनही जागा ठरवू नका. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीपर्यंतची सुरूची बनं आडवी झाली. फोटोत जिथे गर्द सावली दिसते तिथे आता सकाळी नऊलाच तंबूत बसवत नाही. जागेच्या मालकाकडून आजचा फोटो मागा, दुपारी बाराचा.

बन शिल्लक असेल तिथे वाळलेल्या काड्यांचा थर चार बोटं असतो आणि तो ठिणगीने पेटतो. आग आतल्या आत धुमसत पुढे जाते, वरून कळत नाही. चूल नकोच. गॅसची शेगडी लागलीच तर काड्या बाजूला सारून उघड्या वाळूवर, खाली फळी ठेवून. वाऱ्यासाठी आडोसा करताना गॅसचा डबा आत कोंडू नका, तापतो.

खळ्यातली_पाहुणी

मंडळी, पुळणीचा हट्ट सोडा. घराच्या खळ्यात (अंगणात) किंवा वाडीच्या कडेला तंबू लावला तर विहीर, न्हाणीघर, संडास, सगळं हाताशी येतं. परवानगी आणि पोलिसांची विचारपूस हेही प्रश्न सुटतात. सागरी सुरक्षेमुळे पुळणीवर रात्री चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. ओळखपत्र जवळ ठेवा. उघड्या किनाऱ्यावर राहायचंच असेल तर ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांना आधी सांगा.

वाडीतही पारख लागते. माडाखाली तंबू नाही म्हणजे नाही. नारळ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण सुकलेली झावळ देठासकट वजनदार असते आणि वारा नसतानाही सुटते. खोडापासून पाचेक मीटर सोडायचे. दाट वाडीत ते जमत नाही, म्हणून खळं मागावं. पोफळीत, म्हणजे सुपारीच्या बागेत, तर नकोच. शिंपण्यामुळे जमीन कायम ओली आणि डासांचं राज्य.

खळं शेणाने सारवलेलं असेल तर त्यात खुंट्या ठोकू नका. मालकीण तोंडाने काही बोलणार नाही, पण चोपून केलेली जमीन उखडली की पुन्हा सगळं करावं लागतं. स्वतःच्या कमानीवर उभा राहणारा घुमटी तंबू घ्या आणि कोपरे जांभ्याच्या चिऱ्यांना बांधा.

फोनवर मी हे विचारते: संडास तंबूपासून किती पावलांवर, रात्री पाणी असतं का, माणशी दर जेवणासकट की वेगळा, शेजारी रात्री ध्वनिक्षेपक लागतो का. फेब्रुवारीनंतर जात असाल तर विहीर मचूळ झालीये का तेही. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे खारटतात. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर आपलं न्यावं.

गाठ_निरगाठ

वाळूतल्या खुंट्यांबद्दल. तंबूबरोबर येणाऱ्या वीतभर तारेच्या खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत, ठोकल्या तरी बोटाने निघतात. त्याऐवजी आठ कापडी पिशव्या न्या, चार कोपऱ्यांना आणि चार ताणदोऱ्यांना. प्रत्येकीत तीन-चार किलो वाळू, तोंड बांधायचं, दीड फूट खड्डा, पिशवी आत, दोरी तंबूच्या दिशेने तिरकी बाहेर. वर ओली वाळू लोटून पायाने दाबायची. कोरडी वाळू भुसभुशीत राहते आणि पिशवी हळूहळू वर सरकते. पिशव्या नसतील तर हातभर काठी आडवी पुरा. दोरी तिच्या मधोमध आणि काठी दोरीला काटकोनात. काठी दोरीच्या रेषेत पुरली तर भाल्यासारखी सुटून येते.

दिशा: दिवसा खारा वारा पश्चिम-वायव्येकडून, दुपारी तीन-चारला सर्वांत जोरात. तंबूची अरुंद, बुटकी बाजू तिकडे करा. रात्री मतलई सुटते, जमिनीकडून समुद्राकडे, मंद आणि गार. म्हणून दार पूर्वेला ठेवलं की दुपारी वाळू आत येत नाही आणि रात्री वारा मिळतो. समुद्राकडे दार करून सूर्यास्त बघायचा असेल तर बाहेर चटई टाकून बसा ना.

थंडीत दव जबरदस्त पडतं. बाहेरचं कापड आतल्याला टेकलं की पहाटे अंथरूण ओलं. दोन्हींत चार बोटं अंतर राहील इतका ताण द्या, वरच्या खिडक्या उघड्या ठेवा. खाली घालायची ताडपत्री तंबूपेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं लहान हवी. बाहेर आली की दवाचं पाणी तिच्यावर जमून तळाखाली शिरतं.

दर्यावर्दी

@गाठ_निरगाठ, दार पूर्वेला हे बरोबर, पण रायगडात फेब्रुवारीपासून वायव्येचा वारा सूर्यास्तानंतरही दोन-तीन तास टिकतो. स्वयंपाक तंबूच्या आडोशाला, आग्नेयेला.

कातळसडा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरशांचा, म्हणजे छोट्या विषारी सापांचा, विचार करून जागा घ्या. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत, चिऱ्यांच्या ढिगात, सोडणांच्या राशीत आणि पाचोळ्यात ती बसतात. तंबू या सगळ्यांपासून आठ-दहा पावलं दूर. अंधारात अनवाणी फिरू नका. बूट तंबूच्या आत, तंबूची साखळी (चेन) पूर्ण बंद. चावलंच तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं काही नाही. अवयव हलवायचा नाही, १०८ला फोन करायचा आणि सर्पविषावरची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. ते कुठे आहे हे जागा ठरवतानाच विचारून ठेवा. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

वेळासची_वाट

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्लेच नव्हे, इतर अनेक पुळणींवरही. पांढरा उजेड, शेकोटी किंवा माणसांची वर्दळ दिसली तर मादी अंडी न घालता परत फिरते, आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालू लागतात. अशा गावात तंबू वाडीतच. पुळणीवर जायचं तर गावातल्या कासवमित्रांना विचारून, लाल उजेडाची विजेरी घेऊन.

जंगलजेट्टी

गाडी पुळणीवर उतरवू नका. कोरड्या वाळूत चाक फसतं, ओल्या वाळूत भरती गाठते, आणि बहुतेक ठिकाणी बंदीही आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटी धरून रस्ता आखलात तर शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवशी फोनवर विचारा. तंबू लावायला उजेडाचे दोन तास हवेत, म्हणजे थंडीत चारपर्यंत पोचायला हवं.

गाठ_निरगाठ

परतल्यावरचं राहिलं. कांड्यांच्या जोडात वाळू राहिली की फायबरच्या काठ्या पुढच्या वेळी तिथेच चिरतात. एकेक कांडी उलटी आपटून कोरड्या फडक्याने पुसा. साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन जुन्या दातघाशीने घासा, मीठ राहिलं तर दात जाम होतात. तंबू सावलीत दोन दिवस वाळवा आणि सैल गुंडाळा. दमट ठेवला तर आतला लेप चिकट होऊन सुटतो आणि तो तंबू पुन्हा पाणी धरत नाही.