मेरीच्या कुत्र्याची गोष्ट खरी आहे

स्कॉटलंडच्या राणी मेरीचा शिरच्छेद झाला तेव्हा झग्यात लपलेला कुत्रा म्हणजे नंतर कुणीतरी रचलेली भाकडकथा, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. ८ फेब्रुवारी १५८७ ला इंग्लंडमधल्या फॉदरिंगेच्या किल्ल्यात हजर असलेल्या रॉबर्ट विंकफील्डने इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली याच्यासाठी जो वृत्तांत लिहिला, त्यातच तो कुत्रा आहे. जल्लाद तिच्या पायमोज्यांचे बंद सोडवायला गेला, तेव्हा ते इवलंसं जनावर दिसलं. ओढून काढल्याशिवाय ते बाहेर येईना, आणि काढल्यावरही परत जाऊन तिचं मस्तक आणि खांदे यांच्या मधोमध बसलं. रक्ताने माखलेलं, म्हणून त्याला नेऊन धुतलं. हा माणूस मेरीच्या बाजूचा नव्हता, तरी त्याने हे गाळलं नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

आणि ते बंद जल्लाद का सोडवत होता? मारलेल्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू जल्लादाला मिळायच्या, तसा रिवाजच होता. इथे मात्र तो मोडला. त्याच वृत्तांतात पुढे आहे की, रक्त लागलेली प्रत्येक वस्तू जाळली किंवा धुऊन काढली आणि जल्लादांना तिची एकही वस्तू न देता, नुसते पैसे देऊन परत पाठवलं. कारण उघड आहे. तिच्या रक्ताचा डाग पडलेली एक चिंधी जरी बाहेर गेली असती, तरी तिच्याच पंथाच्या कॅथलिकांनी ती हुतात्म्याची खूण म्हणून पूजली असती. एकोणीस वर्षं कैदेत ठेवलेल्या बाईची तिच्या मरणानंतरही एवढी धास्ती होती.