विषय: नीऑनवर पांढरे ठिपके, टाकीत झिंगे पण आहेत

कल्याणी:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या तिकिटांच्या मेलमध्ये हे घुसवायला नको म्हणून वेगळा विषय काढलाय. आमच्या ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरच्या टाकीत नीऑन टेट्रा, तळाशी फिरणारे कोरीडोरास मासे, चेरी झिंगे आणि गोगलगाई आहेत. परवापासून एका नीऑनच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसतायत, पंख मिटून कोपऱ्यात थांबतो, मधेच खडीवर अंग घासून येतो. दुकानदार म्हणाला तेवढा एक मासा बाहेर काढा आणि औषध द्या, पण बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय की झिंगे-गोगलगाईंना चालत नाही. आई फोनवर म्हणते ते निळं औषध टाक, आपण पुण्यात तेच टाकायचो. काय करू?

विद्याधरकाका:
अगं कल्याणी, हा व्हाइट स्पॉट, याला इक पण म्हणतात. एकटा मासा बाहेर काढून काही होणार नाही, कारण ठिपका दिसायच्या आधीच रोग टाकीभर असतो. त्याचं असं आहे की परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मोठा झाला की गळून खडीत पडतो, तिथे स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहत सुटतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीखालच्याला नाही आणि कवचातल्यालाही नाही. म्हणून ठिपके गेले की लोक औषध बंद करतात ना, तीच चुकीची वेळ, तेव्हा तो खाली खडीत पिल्लं घालत असतो. २५-२६ डिग्रीला हे सगळं आठवड्याच्या आत होतं, पाणी गार असलं की खूप रेंगाळतं, त्यामुळे तापमान हळूहळू २८ पर्यंत ने, पण एका दिवसात नको.
मी काय करेन तर झिंगे आणि गोगलगाई बाहेर काढेन आणि मुख्य टाकीतच मॅलाकाइट ग्रीनवालं औषध देईन. तांबं असलेलं अजिबात नको, झिंगे त्याने मरतात आणि ते खडीत मुरून राहतं. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू, ते मुख्य टाकीत टाकलंस तर फिल्टरमधले माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया जातील आणि मग अमोनियानेच मासे जातील.

नितीन:
काका, मी उलट करेन. झिंगे राहू देत, सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टबात औषध द्यायचं, फक्त आजारी दिसतोय तो नाही, सगळेच. मासाच मिळाला नाही तर ती पिल्लं दोनेक दिवसांत मरतात, म्हणजे मुख्य टाकीला औषधाची गरजच नाही, माशांशिवाय २८ डिग्रीवर तीन आठवडे ठेवली की झालं. शिवाय मोकळ्या टबात खडी नसते, तळ रोज सायफनने ओढून काढता येतो, औषध पण नीट मोजता येतं.

विद्याधरकाका:
नितीन, बरोबर आहे, पण नव्या टबात फिल्टर कच्चा असतो, म्हणजे त्यात ते चांगले बॅक्टेरिया अजून नसतात, त्याचं काय? अमोनिया चढला की व्हाइट स्पॉट परवडला म्हणायची वेळ येते. पिकलेला स्पंज, म्हणजे चालू टाकीत राहून बॅक्टेरिया धरलेला फिल्टरचा स्पंज, मिळत असेल तर तुझा मार्ग चांगला, नाहीतर माझा.
कल्याणी, कुठेही दिलंस तरी फिल्टरमधला कार्बन काढ, नाहीतर तो औषध शोषून घेतो. हवेचा दगड जोरात चालू ठेव, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि औषधात फॉर्मेलिन असेल तर आणखी कमी. डोस खऱ्या पाण्यावर मोज, तुझी टाकी काठोकाठ ५४ लिटरची, खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की ४५ च्या आसपास उरेल, टबात देणार असशील तर टबाचं पाणी मोज. टेट्रा आणि कोरीडोरासला बहुतेक बाटल्यांवर अर्धा डोस लिहिलेला असतो तो शोध, कोरीडोरासला खवले नसतात त्यामुळे ते नाजूक. डोस टाकीतल्या सगळ्यात नाजूक माशाच्या हिशोबाने ठरवायचा. आणि हातमोजे घाल गं, मॅलाकाइट ग्रीन बोटांवरून लवकर जात नाही.

सुप्रिया:
माझ्याकडे भारतातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल पडून आहेत, देऊ का?

नितीन:
ताई, नको. हा परजीवी आहे, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही, उलट फिल्टरचे बॅक्टेरिया मरू शकतात. आणि इथे यूकेत माशाला अँटिबायोटिक द्यायचं तर व्हेटचं प्रिस्क्रिप्शन लागतं. पंख कुजणं किंवा जखम असती तर तेवढा एकच मासा वेगळ्या टबात, हे ठीक होतं, दुकानदार बहुधा तेच समजला.

कल्याणी:
थँक यू सगळ्यांना! टब आहे, हीटर आहे, नवऱ्याला टेस्ट किट आणायला पाठवलंय, पण पिकलेला स्पंज कुणाकडे आहे का?

विद्याधरकाका:
माझ्या टाकीत जादाचा एक नेहमी फिरत असतो. हॅरोला येतेयस का आज? येताना रिकामा स्वच्छ डबा आण, स्पंज माझ्या टाकीच्याच पाण्यात घालून ने, कोरडा नेलास तर बॅक्टेरिया मरतील. तुझी जाळी आणि सायफन मात्र घरीच ठेव, रोग माझ्या टाकीत यायला नको, आणि स्पंज मला परत नको, उपचार संपले की टाकून दे. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून चालेल असं समजू नकोस, नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक क्लोरामाइन तसं उडत नाही, ते घालवणारा कंडिशनर घालायचाच.