पुन्हा लॉकडाऊनसारखं काही आलं तर कॉलेजच्या लायब्ररीने काय तयारी ठेवावी?

दापोलीची_वाचक:
नमस्कार मंडळी. मी दोन वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले. आता प्राचार्य म्हणतायत की साथ परत आली, कॉलेज बंद पडलं, तर लायब्ररी मुलांना घरी काय देणार ते लिहून द्या. २०२० ला मी पुण्यात शिकत होते, वायफाय होतं, त्यामुळे इथे काय झालं ते मी बघितलेलं नाही. जुनी फाइल काढली तर त्यात "ई-रिसोर्सेसच्या लिंक पाठवल्या" एवढंच, त्या किती जणांनी उघडल्या ते कुठेच नाही. आणि वर ३ जूनला निसर्ग वादळ, कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नाही टॉवर नाही, मग ऑनलाइन शिक्षण चालू होतं म्हणजे नक्की काय चालू होतं? तुम्हाला खरंच काय उपयोगी पडलं ते सांगा प्लीज, विद्यार्थ्यांनी पण सांगा.

सड्यावरची_रेंज:
ताई मी तेव्हा टीवायबीएला, गाव राजापूरकडे. घरात रेंज शून्य, सड्यावर (गावावरच्या कातळाच्या पठारावर) चढलं की दोन दांड्या, तेही पाऊस नसेल तर. लिंक उघडायची म्हणजे आधी लॉगिन मग ओटीपी मग पान फिरत बसणार आणि तोवर रेंज गेली. आमच्या लायब्ररीच्या मॅडमनी काय केलं, पुस्तकातलं लागेल तेवढंच प्रकरण स्कॅन करून दोन-तीन एमबीत बसवायच्या आणि रात्री व्हॉट्सअपला टाकून ठेवायच्या. सकाळी सड्यावर गेलो की फाइल उतरवायची आणि घरी येऊन निवांत वाचायची, रेंजची गरजच नाही. म्हणून सांगतो लिंक नको, फाइल द्या.
दुसरं म्हणजे मी मराठी मीडियमचा. जे मोठे मोठे ई-रिसोर्सेस म्हणतात ते जवळजवळ सगळे इंग्रजीत. मला तारलं ते मुंबई विद्यापीठाच्या आयडॉलच्या, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, पीडीएफ नोट्सनी आणि मराठी विश्वकोशाच्या साइटने, आणि हे दोन्ही आहे हे पण मॅडमनीच फोनवर सांगितलेलं, मला स्वतःला कधी सापडलं नसतं.

ग्रंथपाल_सिंधुदुर्ग:
वरच्याचं अगदी खरं आहे. मी सिंधुदुर्गात ग्रंथपाल आहे, आमचा अनुभव सांगतो.
कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे का ते आधी बघा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांच्या लायब्ररींसाठीच्या सरकारी केंद्राची, योजना आहे, तेव्हा आम्हाला वर्षाला ५,९०० रुपये पडायचे, त्यात ६,००० च्या वर जर्नल्स आणि दोन लाखांच्या आसपास ई-बुक्स होती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात प्रत्येकाचा स्वतःचा लॉगिन असतो, त्यामुळे घरून चालतं, कॉलेजच्या आवारात यावं लागत नाही. पण मुलांची नावं कॉलेजने अपलोड केली तरच लॉगिन मिळणार ना! मार्च २०२० मध्ये आमच्या यादीत निम्मी नावं पास होऊन गेलेल्या मुलांची होती आणि चालू वर्षाची मुलं बाहेरच. ती यादी दुरुस्त करायला, प्रत्येकाचा चालू ईमेल मिळवायला मला एप्रिल अख्खा फोनवर गेला. म्हणून दर वर्षी ॲडमिशन झाल्या झाल्या हे काम संपवा, आणि पहिला लॉगिन मुलांकडून लायब्ररीत समोर बसवून करून घ्या.
स्कॅनचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाचून ठेवा. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि शिकवण्यासाठी त्यात सवलत आहे, दिल्ली हायकोर्टाचा २०१६ चा कोर्स पॅकचा (अभ्यासाला लागणाऱ्या प्रकरणांच्या झेरॉक्स संचाचा) निकाल पण याच मुद्द्यावरचा. मात्र अख्खं पुस्तक ग्रुपवर फिरवू नका, तसं आम्ही कधीच केलं नाही.
आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही. लायब्ररी बंद राहिली आणि वर आपला पाऊस, जुलैत दार उघडलं तर खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना बुरशी आणि एका कपाटाला वाळवी. फार जीव तुटला ते बघून. आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन खिडक्या उघडेल, पंखे लावेल, याची परवानगी प्लॅनमध्ये आधीच लिहा.

कातळफूल:
मी तेव्हा पीएचडी करत होते. मोठ्या विद्यापीठांची बरीच जर्नल्स कॅम्पसच्या आयपीवरच, म्हणजे आवारातल्या नेटवरच, उघडतात, घरी आलं की सगळं बंद. त्यावर इन्फ्लिबनेटचं इनफेड आहे, म्हणजे विद्यापीठाच्या आयडीने घरून लॉगिन, पण विद्यापीठाने ते आधी जोडून घेतलेलं पाहिजे. मला सगळ्यात जास्त शोधगंगा, म्हणजे पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा, कामाला आलं कारण तिथे प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये असतात, हवं तेवढंच उतरवता येतं.
तेव्हा जगभरातून खूप काही फुकट खुलं झालं होतं त्याच्यावर भिस्त ठेवू नका. इंटरनेट आर्काइव्ह या साइटची फुकट ई-पुस्तकांची नॅशनल इमर्जन्सी लायब्ररी २४ मार्चला सुरू झाली आणि १६ जूनला बंद, तेव्हा आपल्या मुलांच्या परीक्षांचा पत्ता पण नव्हता.

दापोलीची_वाचक:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज लगेच यादी बघितली, आमच्या एन-लिस्टमध्ये पण गेल्या वर्षी पास झालेली मुलं अजून आहेत!! उद्यापासून तेच काम. सर, छापील पुस्तकं मुलांपर्यंत पोचवलीत का? कशी?

ग्रंथपाल_सिंधुदुर्ग:
जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी सुरू झाली तेव्हा. पिशवीवर मुलाचं नाव आणि गाव लिहून कंडक्टरकडे द्यायचो, मूल स्टॉपवर येऊन घ्यायचं. परत आलेली पुस्तकं तीन दिवस वेगळ्या टेबलावर, ती पण सुटी सुटी पसरून, कारण लायब्ररीतल्या वस्तूंवर कोरोनाचा विषाणू किती टिकतो ते बघणाऱ्या अमेरिकेतल्या रिअल्म प्रकल्पाच्या तपासणीत एकावर एक रचलेल्या पुस्तकांत विषाणू जास्त दिवस सापडला होता. पण हे सगळं नंतरचं. खरं तर एका कार्डावर दोनऐवजी पाच पुस्तकं द्यायची परवानगी आत्ताच लेखी घेऊन ठेवा. आमच्याकडे बंदची बातमी आली तेव्हा मुलं दारात उभी होती, आणि सही करायला कोणीच नव्हतं.